गोषवारा मर्यादेत, तरी फॉर्म घेईना

विज्ञानेतिहास परिषदेचा फॉर्म मर्यादेतला गोषवाराही ‘लांबी जास्त’ म्हणून परत करत होता. कारण सापडलं रोमन लिप्यंतरात. ‘भास्कराचार्य’ हे नाव दीर्घचिन्हांसह रोमनमध्ये १३ अक्षरांचं. पण पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात ‘आ’साठीच्या रोमन ‘ā’वरची रेघ अनेकदा सुटं चिन्ह असते, मग तीन रेघा वेगळ्या धरून तेच १६ मोजलं जातं. छापील पुस्तिकेत ही रेघ शेजारच्या अक्षरावर सरकते, आणि नाव असं बिघडणं फार खुपतं. उपाय: मजकूर युनिकोड कन्व्हर्टरमधून ‘एनएफसी’ रूपात (अक्षर आणि रेघ मिळून एकच चिन्ह) काढला, नोटपॅडमध्ये उतरवला, मगच फॉर्ममध्ये चिकटवला. मर्यादेत रिकाम्या जागाही धरतात का, तेही पाहा.

मुदतीची वेळ कुठल्या देशाची तेही तपासा. विज्ञानेतिहासाची २०२५ची जागतिक काँग्रेस न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला होती; न्यूझीलंड आपल्यापुढे साडेसहा तास, त्यांच्या उन्हाळ्यात साडेसात.