वणव्यानंतरच्या रानाची दीर्घकालीन नोंद कशी ठेवावी

मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्यातील अनेक ठिकाणच्या रानांत वणवे लागले. रान त्यातून सावरले की नाही, हे पुढच्या पावसाळ्यातील हिरवळीवरून ठरवता येत नाही, कारण आगीने बुंधा दुखावलेली झाडे कधी कधी दोन-तीन वर्षांनी मरतात. त्यासाठी तीच झाडे वर्षानुवर्षे मोजावी लागतात. भारतीय विज्ञान संस्थेने तमिळनाडूतील मुदुमलईच्या रानात 1988 मध्ये 50 हेक्टरांवर असे काम सुरू केले. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने एका हेक्टरापासून सुरुवात करावी.

अभयारण्यात काम करण्यापूर्वी वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी. जळालेल्या भूखंडाजवळच तशीच माती आणि तसाच उतार असलेला न जळालेला भूखंडही निवडावा; तो नसेल, तर बदल वणव्याने झाला की कमी पावसाने, हे कधीच उलगडणार नाही. शंभर मीटर बाजूच्या चौरसाचे 20 मीटरचे 25 चौकोन पाडून कोपऱ्यांवर जांभ्याचे दगड पुरावेत. उतारावर फीत जमिनीलगत न धरता समतल धरावी.

घेर 30 सेंटिमीटर किंवा अधिक असलेले प्रत्येक झाड, मग ते किंदळ असो, माटी असो वा जांबा, जमिनीपासून 1.3 मीटरवर मोजावे आणि तिथेच रंगाची रेघ ओढावी. क्रमांकाचा बिल्ला रेघेपासून दूर लावावा व खिळा पूर्ण ठोकू नये, नाहीतर वाढते खोड बिल्ला गिळून टाकते. खोड पावसात किंचित फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून मोजणीचा महिना बदलू नये. पाने अजून झाडावर असतात त्या नोव्हेंबर-डिसेंबरात ओळखही सोपी जाते.

घेराची मोजणी पाच वर्षांनी पुरे, परंतु मेलेल्या झाडांची नोंद दरवर्षी घ्यावी: उभे वाळले, मोडले की मुळासकट उन्मळले, हे वेगवेगळे लिहावे आणि त्यांचा क्रमांक दुसऱ्या झाडाला देऊ नये. जळक्या बुंध्यातून फुटलेला कोंब हा जुन्या झाडाचाच असतो; त्याला बियांतून आलेले रोप समजल्यास पुनरुत्पादनाचा सगळा हिशेब चुकतो. रानमोडी या झपाट्याने पसरणाऱ्या तणाने किती जमीन व्यापली, तेही प्रत्येक चौकोनात टिपावे.

पुढील मोजणीला जुने आकडे सोबत न्यावेत. घेर कमी भरला, तर पुन्हा मोजावे. तरीही कमीच आला, तर आकडा आहे तसा ठेवून शेजारी सालीची अवस्था लिहावी, कारण जळलेली साल गळून घेर खरोखरच घटतो.