माहितीपटाला आधी आयोजक शोधा, प्रेक्षक तो आणेल

स्वतंत्र माहितीपट लोकांपर्यंत नेणं हे माझं काम. दिग्दर्शक फिल्म पूर्ण करून येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न महोत्सवांचा असतो. मी उलट विचारते, ही फिल्म बघायला माणसं कोण गोळा करेल? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘फिल्म सगळ्यांसाठी आहे.’ ते मी वहीत लिहून घेत नाही. ‘सगळे’ नावाच्या माणसाला पत्र पाठवता येत नाही.

मोठ्या स्टुडिओकडे जाहिरातीचा पैसा असतो, म्हणून तो अनोळखी प्रेक्षकाला घरातून उठवून थिएटरपर्यंत आणू शकतो. आपल्याला ते जमणार नाही. पण ज्यांच्याकडे प्रेक्षक आधीच आहे अशी माणसं पुष्कळ असतात: कामगार संघटनेचा सचिव, ग्रंथपाल, तो विषय शिकवणाऱ्या प्राध्यापक, रुग्णांच्या आधारगटाची समन्वयक, फिल्म सोसायटीचे कार्यक्रम ठरवणारा एखादा उत्साही. त्यांच्याकडे खोली असते, लोकांचे फोन नंबर असतात आणि लोकांचा विश्वासही असतो. महिन्याच्या बैठकीत या वेळी काय ठेवायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न असतो. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तुमची फिल्म त्यांच्यासमोर ठेवायची.

एक उदाहरण धरून चालू. समजा, फिल्म रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांवर आहे आणि ७५ मिनिटांची आहे. कागदावर मधोमध ज्यांचं आयुष्य पडद्यावर आहे त्यांना लिहा: परिचारिका आणि त्यांच्या घरची माणसं. त्याबाहेरच्या वर्तुळात ज्यांचं कामच या विषयाशी आहे ते: परिचर्या शिकवणारे, झोपेच्या विकारांचे डॉक्टर, कामगार कायद्याचे वकील, इस्पितळांचे व्यवस्थापक. त्याबाहेर माहितीपट आवडीने बघणारे. ‘सर्वसामान्य प्रेक्षक’ अगदी काठावर. दिग्दर्शकांना वाटतं की काठावरून सुरुवात केली तर फिल्म मोठी होईल. माझा अनुभव उलटा आहे. मधल्या वर्तुळातल्या लोकांनी फिल्म आपली मानली की तेच ती पुढच्या वर्तुळात नेतात, आणि त्यांच्या तोंडून आलेल्या शिफारशीला जे वजन असतं ते पोस्टरला येत नाही.

आता प्रत्येक गटापुढे संस्थेचं नाव लिहून थांबू नका. तिथला कार्यक्रम कोण ठरवतं, त्या माणसाचं नाव आणि पत्ता शोधा. त्यांचं वार्षिक वेळापत्रकही बघा. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात शेकडो ठिकाणी कार्यक्रम असतात आणि बरेचसे भाषणांनीच भरलेले असतात. तुमचं पत्र त्यांना जानेवारीत मिळालं पाहिजे. एप्रिलमध्ये पाठवाल तर वक्ते ठरून गेलेले असतील.

पत्र छोटं असावं. मी साधारण असं लिहिते:

‘नमस्कार. तुमच्या संघटनेने गेल्या वर्षी रात्रपाळीच्या तासांवर परिषद घेतली होती, त्यामुळे हे पत्र मुद्दाम तुम्हाला. याच विषयावर ७५ मिनिटांचा माहितीपट तयार आहे. सोबत त्यातला एक तीन मिनिटांचा प्रसंग जोडला आहे. आवडला तर पूर्ण फिल्मची लिंक पाठवते. खेळ लावायला तुम्हाला अंधार करता येईल अशी खोली, प्रोजेक्टर आणि दोन स्पीकर लागतील, बाकी सगळं साहित्य आम्ही देतो. खेळानंतर दिग्दर्शक ऑनलाइन बोलू शकतील.’

यात दिग्दर्शकाचा जीवनप्रवास नाही, पुरस्कारांची यादी नाही. ट्रेलरही नाही, हे लक्षात आलं असेल. ट्रेलर हवाच, दोन मिनिटांच्या आत, आणि सुरुवातीला निर्मितीसंस्थांची बोधचिन्हं न दाखवता. पण आयोजकाला पटवायला मी नेहमी एक अख्खा प्रसंग पाठवते. ट्रेलरमध्ये सगळ्याच फिल्म चांगल्या वाटतात, हे त्यालाही ठाऊक असतं. अख्ख्या प्रसंगात माणसं कशी बोलतात, कॅमेरा किती धीराने थांबतो हे दिसतं, आणि आपली माणसं हे बसून बघतील का याचा अंदाज त्याचा त्याला येतो.

ही पद्धत काही माझी नाही. अमेरिकेत १९७१ साली काही स्त्री-दिग्दर्शकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू डे फिल्म्स ही वितरणाची सहकारी संस्था काढली, कारण स्त्रियांच्या प्रश्नांवरच्या त्यांच्या फिल्म घ्यायला वितरक तयार नव्हते. कॉलेजं, ग्रंथालयं, महिला गट यांच्याकडे त्या थेट फिल्म पोचवू लागल्या. ती संस्था अजून चालू आहे. पुढे २००९ मध्ये ‘द एज ऑफ स्टुपिड’ या हवामानबदलावरच्या ब्रिटिश फिल्मच्या चमूने वेबसाइटवरून कुणालाही खेळाचा परवाना विकत घेता येईल अशी सोय केली. शुल्क आयोजक कोण आहे त्यावर ठरायचं, आणि तिकीट लावून होणारा नफा आयोजकाने ठेवायचा. यातली नफ्याची अट मला फार शहाणपणाची वाटते. निधी उभा करायला धडपडणाऱ्या छोट्या संस्थेला त्यामुळे फिल्म दाखवणं हा खर्च राहत नाही.

आयोजक ‘हो’ म्हणाला की खरं काम सुरू होतं, कारण बहुतेकांनी याआधी कधी फिल्म लावलेली नसते. त्याला एक पूर्ण संच द्या. फिल्मची फाइल डाउनलोड करून ठेवता येईल अशी द्या; ऐन खेळाच्या वेळी इंटरनेटवर विसंबू देऊ नका. फुल एचडीची एमपी-फोर फाइल जवळजवळ कुठल्याही लॅपटॉपवर चालते. डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी खास प्रत, फक्त थिएटरसाठी. समाजमंदिरातल्या आयोजकाला ती पाठवलीत तर तो बिचारा ती उघडायच्या खटपटीत संध्याकाळ घालवेल. एक मिनिटाची चाचणीची क्लिप वेगळी द्या, तीत सगळ्यात हळू आवाजात बोललेलं वाक्य आणि सगळ्यात मोठा आवाज दोन्ही असू देत. पोस्टरवर खाली ठिकाण आणि वेळ लिहायला पांढरी पट्टी सोडा. फोनवर पुढे पाठवता येईल असं चार ओळींचं आमंत्रण तयार लिहून द्या, नाहीतर प्रत्येक आयोजक आपल्या मनाने फिल्मचं वर्णन करतो आणि ते काहीही असू शकतं. चर्चेसाठी चार-पाच प्रश्न द्या. विषय जिव्हारी लागणारा असेल तर खेळानंतर कुणाला त्रास झाला तर काय करायचं, तेही लिहा.

खोलीबद्दल दोन गोष्टी मी प्रत्येकाला फोनवर सांगते, कारण लिहिलेलं वाचलं जात नाही. चित्र थोडं फिकट असलं तर लोक चालवून घेतात. बोलणं कळलं नाही तर उठून जातात. त्यामुळे लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर नको, आणि स्पीकर पडद्याजवळ ठेवायचे, मागच्या भिंतीला नाही. दुसरी गोष्ट सबटायटलची. सपाट जमिनीवर खुर्च्या मांडलेल्या खोलीत तिसऱ्या रांगेपासून मागे पडद्याचा खालचा भाग दिसतच नाही, समोरच्याचं डोकं येतं. पडदा वर बांधायला सांगा. मी तर अशा खेळांसाठी सबटायटल जरा वर सरकवलेली वेगळी फाइलच बनवून घेते.

सबटायटलवर पैसे वाचवू नका. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, इंग्रजी असेल तर एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, आणि वाचायला पुरेसा वेळ. भाषांतर बोलीभाषा जाणणाऱ्याकडून करून घ्या. सबटायटल चित्रावर पक्की न छापलेली स्वच्छ प्रत जपून ठेवा, एसआरटी फाइल, म्हणजे सबटायटलचा मजकूर आणि त्याच्या वेळा असलेली फाइल, वेगळी ठेवा. नवी भाषा जोडायची झाली तर काम दिवसाचं राहतं, नाहीतर परत एडिटकडे जावं लागतं. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आवाजांचीही नोंद असलेली सबटायटल करा. हा प्रेक्षक मोठा आहे आणि त्याला कुणी बोलावत नाही.

आता महोत्सव. जर्मनीतल्या लाइपझिगचा माहितीपट महोत्सव १९५५ मध्ये सुरू झाला, जपानमधला यामागाता १९८९ पासून दर दोन वर्षांनी होतो, अॅम्स्टरडॅमचा इडफा १९८८ पासून, टोरोंटोचा हॉट डॉक्स १९९३ मध्ये स्थापन झाला. इथे निवड झाली तर दारं उघडतात. मात्र मोठे महोत्सव प्रीमियरला, म्हणजे फिल्मच्या पहिल्या जाहीर खेळाला, किंमत देतात, म्हणून अर्जांचा क्रम आधी ठरवा: जागतिक प्रीमियर कुठे मिळावा अशी तुमची इच्छा आहे, ते पहिलं, तिथला निकाल येईपर्यंत फिल्म इंटरनेटवर खुली करू नका. प्रवेशशुल्काची वरची मर्यादाही आधी ठरवा. अर्ज करणं एका क्लिकवर आल्यापासून लोक शे-दीडशे ठिकाणी अर्ज टाकतात आणि प्रचाराचा सगळा पैसा तिथेच संपवतात. महोत्सवात फिल्म लागली तर स्टेजवरच्या प्रश्नोत्तरांपेक्षा नंतर दाराशी उभं राहणं माझ्या लेखी महत्त्वाचं. जे थांबून बोलतात त्यांच्यातच पुढचे आयोजक असतात.

वितरकाशी करार करताना हक्क एकगठ्ठा देऊ नका. थिएटर, टीव्ही, ऑनलाइन, शैक्षणिक, सामुदायिक खेळ, हे सगळे हक्क वेगळे असतात आणि प्रत्येकाला प्रदेश आणि मुदत असते. टीव्हीचे हक्क कुणी मागितले तर जरूर द्या. तासाच्या जागेसाठी ५२ मिनिटांची आवृत्ती अनेक वाहिन्या मागतात, ती एडिट संपायच्या आतच करून ठेवा. पण सामुदायिक खेळांचा आणि स्वतःच्या वेबसाइटवरून विक्रीचा हक्क स्वतःकडे राहील असं कलम घाला. एका दिग्दर्शकाने सगळे हक्क सात वर्षांसाठी देऊन टाकले होते. वितरकाने फिल्म कपाटात ठेवली, आणि गावोगावहून खेळाची मागणी आली तेव्हा त्याला स्वतःचीच फिल्म दाखवता येईना. संगीत आणि जुन्या चित्रफितींचे परवानेही तपासा. केवळ महोत्सवांपुरता घेतलेला परवाना टीव्हीला किंवा ऑनलाइनला चालत नाही, आणि हे कळायची वेळ करार हातात असताना यावी असं कुणालाच वाटणार नाही.

प्रसिद्धीसाठी चित्रपट समीक्षकांच्या मागे लागण्यात मी फार वेळ घालवत नाही. परिचारिकांवरच्या फिल्मसाठी आरोग्याची बातमीदारी करणाऱ्याला गाठते. त्याला विषय हवा असतो आणि तुमच्याकडे वर्षानुवर्षांचं साहित्य असतं. त्याला द्यायच्या प्रेस किटमध्ये एका वाक्याचा, एका परिच्छेदाचा आणि एका पानाचा असे तीन सारांश हवेत, आणि छापण्याजोगे फोटो. फिल्ममधली फ्रेम थांबवून काढलेलं चित्र छापलं की बहुधा पुसट दिसतं. शूटिंग चालू असतानाच कुणाकडून तरी चांगले फोटो काढून घ्या, त्यात नुसता कॅमेऱ्यामागचा दिग्दर्शक नको.

हे सगळं करण्याआधी एक खेळ ठरलेला: फिल्ममधल्या माणसांसाठी, बंद दाराआड. तुमची संमतिपत्रं असतील, पण ‘बनतेय’ आणि ‘शेजाऱ्यांनी बघितली’ यात फरक असतो. कुठे दाखवलेली चालेल, कुठे नाही, चर्चेला यायचं आहे का, हे त्यांना विचारा. कुणाच्या नोकरीला धोका असेल तर एखाद्या देशात किंवा शहरात फिल्म उशिरा दाखवा, ऑनलाइन असेल तर त्या प्रदेशापुरती बंद ठेवा. याला दोन महिने जास्त लागले तर लागू देत.

ऑनलाइन प्रदर्शन मी सगळ्यात शेवटी ठेवते. एकदा फुकट लिंक फिरली की खेळाचं शुल्क भरायला संस्था तयार होत नाहीत. तोवर प्रत्येक खेळात संमती घेऊन ईमेल पत्ते गोळा करा. समाजमाध्यमांवरचे फॉलोअर त्या कंपनीच्या मर्जीवर असतात, ईमेलची यादी तुमची असते, आणि प्रदर्शनाच्या दिवशी पहिले हजार प्रेक्षक त्याच यादीतून येतात.

खेळानंतरच्या फॉर्मवर मी दोनच प्रश्न ठेवते. पहिला, काय लक्षात राहिलं? यातली वाक्यं परवानगी घेऊन पुढच्या पत्रांत वापरते. दुसरा, तुमच्या ओळखीत ही फिल्म अजून कोण दाखवू शकेल? तिथे नाव आलं की दुसऱ्याच दिवशी त्या नव्या माणसाला पत्र जातं, आणि पत्राची पहिली ओळ फॉर्म भरणाऱ्याच्या नावाने सुरू होते. या नावांची यादी दिग्दर्शकाच्या खासगी ईमेलवर चालवू नका. फिल्मच्या नावाचा पत्ता काढा आणि तो दोघांनी तरी बघावा, कारण दिग्दर्शक वर्षभरात पुढच्या शूटिंगला गेलेला असतो आणि खेळाच्या विनंत्या त्यानंतरही चार-पाच वर्षं येत राहतात.