कॅरिबियन क्रूझ : बंदरावरची गर्दी चुकवायची कशी?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची अनेक मुले आता ह्यूस्टन, डॅलस, न्यू जर्सी या भागांत नोकरीला आहेत, आणि इकडे ऊन तापू लागले की त्यांचे आई-वडील काही महिने तिकडे राहायला जातात. अशा मुक्कामात मुले हौसेने पाच-सात दिवसांची कॅरिबियन क्रूझ ठरवतात. जहाजावरचे दिवस सुखाचे जातात. त्रास होतो तो बेटावर उतरण्याच्या दिवशी. आम्ही टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनहून निघून मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर उतरलो, तेव्हा धक्क्यांवर पाच जहाजे उभी होती. समोरचा जनसमुदाय पाहून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "इतली गर्दी ते सारंगखेडानी जत्रामा बी नही ऱ्हास." पुढचा पाऊण तास आम्ही टॅक्सीच्या रांगेत उन्हात काढला. थोडी तयारी केली असती तर तो वाचला असता, हे नंतर कळले. ती तयारी कशी करावी, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

ही गर्दी कशी होते, हे भुसावळ जंक्शन पाहिलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दोन एक्सप्रेस गाड्या पाठोपाठ आल्या की पादचारी पुलावर पाय ठेवायला जागा उरत नाही आणि बाहेर रिक्षाचे भाडे वाढते; पण वीस मिनिटे बाकावर बसून चहा घेणारा प्रवासी तोच पूल मोकळा ओलांडतो. बंदरात हेच घडते, मात्र गाडीच्या जागी जहाज असते. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेले 'आयकॉन ऑफ द सीज' पूर्ण भरले तर त्यात ७,६०० प्रवासी मावतात. सुमारे २,३५० कर्मचारी वेगळे. अशी तीन-चार जहाजे सकाळी सात-आठच्या सुमारास एकाच गावाला लागली आणि सायंकाळी चार-पाचला सुटणार असली, की सर्वांचा नाश्ता, उतरणे आणि परतणे एकाच वेळी येते. म्हणजे बेट दिवसभर सारखेच भरलेले नसते. साधारण साडेआठ ते साडेदहा आणि जहाज सुटण्यापूर्वीचे शेवटचे दोन तास, हे दोन प्रहर आणि धक्क्यापासून एक-दीड किलोमीटरचा परिसर सोडला, तर बरेच बेट मोकळे मिळते.

सर्वांत मोठा उपाय तिकीट काढण्यापूर्वीच करावा लागतो. कोणत्या बंदरात कोणत्या तारखेला किती जहाजे येणार आहेत, याची वेळापत्रके क्रूझमॅपरसारख्या संकेतस्थळांवर कित्येक महिने आधी दिसतात, आणि अनेक बंदरे स्वतःही ती प्रसिद्ध करतात. मुलांना नेमक्या तारखा देऊन एवढे पाहायला सांगावे. फ्लोरिडा आणि टेक्सासहून बरीच मोठी जहाजे शनिवार-रविवारी सुटतात, त्यामुळे पश्चिम कॅरिबियनमधील बेटांवर मंगळवार ते गुरुवार अधिक दाटी होते, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. त्याच मार्गाची दुसऱ्या आठवड्यातील सफर निवडल्याने कोझुमेलला सहाऐवजी तीन जहाजांची सोबत मिळणार असेल, तर बाल्कनीच्या खोलीवर वाढीव पैसे देण्यापेक्षा ती तारीख साधणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. ठरवतानाच हेही पाहावे की आपला अमेरिकेचा व्हिसा बहुप्रवेशी आहे, कारण जहाज परत आल्यावर आपण पुन्हा अमेरिकेत प्रवेश करतो. भारतीय पासपोर्टवर त्या-त्या बेटासाठी काय लागते, याचे उत्तर क्रूझ कंपनीकडून लेखी घ्यावे.

ऋतूचा विचार करताना आपल्याकडील आणि त्यांच्याकडील सुट्ट्या वेगळ्या आहेत, हे विसरू नये. नाताळ ते नववर्ष आणि मार्चमधील शाळा-महाविद्यालयांची सुट्टी हे तेथील सर्वाधिक गर्दीचे दिवस. ईस्टरनंतर मे अखेरपर्यंतचा काळ त्या मानाने निवांत असतो, आणि खानदेशातून जाणाऱ्यांना तोच सोयीचा पडतो. जून-जुलैमध्ये अमेरिकन कुटुंबे मुलाबाळांसह बाहेर पडतात. वादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असून ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये त्याचा जोर असतो. तेव्हा दर उतरतात, परंतु मार्ग ऐनवेळी बदलू शकतो. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा आणि मारिया या वादळांनी पूर्वेकडील बेटांची दैना केली, तेव्हा तिकडची जहाजे पश्चिमेकडे वळवली गेली होती.

बेटाबेटांत मोठा फरक आहे. बहामाच्या नासाऊ बंदरात एका वेळी सहा मोठी जहाजे लागू शकतात. बंदर गावाला अगदी चिकटून आहे, म्हणून वाहनाच्या रांगेत न थांबता चालत निघावे आणि लवकर उतरून 'क्वीन्स स्टेअरकेस' या दगडात कोरलेल्या पायऱ्या पाहून घ्याव्यात. ज्यांना मुळात शांतता हवी आहे, त्यांनी दक्षिणेकडील बेटांचा मार्ग पाहावा. डोमिनिकाच्या रोझो गावातील वनस्पती उद्यानात १९७९ च्या डेव्हिड वादळात कोसळलेल्या बाओबाबच्या झाडाखाली चेपलेली बस अजून तशीच ठेवलेली आहे, आणि ती पाहायला धक्क्यावरून पायी जाता येते. ग्रेनाडाच्या राष्ट्रध्वजावर चक्क जायफळ आहे. पुरणात जायफळ किसून घालणाऱ्या आपल्या बायकांना तेथील बाजारातून ओढून आणावे लागेल. कंपन्यांच्या खासगी बेटांवर परक्या जहाजांची गर्दी नसते हे खरे, पण तेथे आपल्याच जहाजाची माणसे आपल्यासोबत उतरतात आणि बेटावरचे खरे गाव दिसत नाही, म्हणून माझा कल तिकडे नाही.

आता प्रत्यक्ष उतरण्याच्या दिवसाविषयी. दोनच वेळा चांगल्या : दार उघडताच पहिल्या लोकांत, किंवा अकरानंतर. पहिला मार्ग घ्यायचा तर आदल्या रात्री पिशवी भरून ठेवावी, नाश्ता बुफे उघडताच उरकावा आणि उतरण्याचे दार कोणत्या मजल्यावर आहे ते पाहून ठेवावे, कारण त्या वेळी लिफ्टसाठीही रांग लागते. गुडघे दुखणारे ज्येष्ठ सोबत असतील तर दुसरा मार्ग बरा. आणि कधी कधी उतरूच नये. सगळे बेटावर गेलेले असताना जहाजावरचा तरणतलाव, आरामखुर्च्या आणि चहाचे टेबल मोकळे असते, याची गोडी आम्हाला तिसऱ्या बंदरावर कळली.

ग्रँड केमनसारख्या ठिकाणी मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज समुद्रात उभे राहते आणि छोट्या टेंडर बोटींतून माणसे जॉर्ज टाउनला नेतात. तेथे जहाजाची अधिकृत सहल घेतलेल्यांना बहुधा आधी सोडतात, बाकीच्यांना क्रमांकाची चिठ्ठी घेऊन थांबावे लागते. परतीच्या शेवटच्या बोटीच्या भरवशावर मात्र कधीही राहू नये. तिच्या दोन बोटी आधीच रांगेत उभे राहावे.

बंदराच्या फाटकातून बाहेर येताच पहिल्या शंभर पावलांत दुकाने, दलाल आणि टॅक्सीवाले गराडा घालतात. नम्रपणे नकार देऊन पुढे चालावे. टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे माणशी आहे की गाडीचे, आणि डॉलर अमेरिकन की स्थानिक, हे विचारावे. सेंट थॉमस बेटावर ठरलेले दर माणशी असतात, त्यामुळे सहा जणांच्या कुटुंबाचा हिशेब घरी केलेल्या हिशेबापेक्षा बराच वेगळा निघतो. एक-पाच डॉलरच्या नोटा जवळ ठेवाव्यात. कोझुमेलला बहुतेक लोक पश्चिम किनाऱ्यावरील हॉटेलांत जातात. त्याऐवजी बेटाच्या मध्यभागी सान हेर्वासिओ येथे इश्चेल या माया देवतेच्या स्थानाचे अवशेष आहेत, तिकडे सकाळीच गेल्यास दाटी कमी लागते. पूर्व किनारा त्याहून मोकळा आहे, पण तेथील समुद्र खवळलेला असतो, म्हणून पोहण्याचा मोह टाळावा.

दुपारच्या जेवणाची रांग चुकवण्यासाठी घरून आणलेली बंद पाकिटे, केळी वेफर्स किंवा चिक्की पिशवीत असावी. जहाजावरची ताजी फळे मात्र बेटावर नेता येत नाहीत. रावेरच्या केळी बागायतदाराने बुफेमधील केळे खिशात घालून उतरू नये, हे सांगणे मला जड जाते, पण नियम तसा आहे.

स्थानिक चालकाकडून घेतलेली सहल स्वस्त असते आणि तिच्यात माणसेही थोडी असतात, पण उशीर झाला तर जहाज थांबत नाही. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तरच ते थांबते. म्हणून स्वतंत्र फिरताना जहाजावर परतण्याच्या दिलेल्या वेळेच्या दीड-दोन तास आधी बंदरात पोहोचावे; त्यामुळे परतीच्या तपासणीची मोठी रांगही चुकते. ही वेळ मोजताना घड्याळाची एक खोच आहे. कोझुमेल ज्या किंताना रू राज्यात येते, तेथे २०१५ पासून वर्षभर एकच वेळ चालते. उन्हाळ्यात फ्लोरिडाचे घड्याळ त्याच्या एक तास पुढे असते. जहाज फ्लोरिडाच्या वेळेवर चालत असेल आणि फोनने स्वतःहून स्थानिक वेळ घेतली असेल, तर फोनमध्ये तीन वाजलेले दिसतात तेव्हा जहाजावर चार झालेले असतात. त्यामुळे उतरताना दारावरच्या फलकावरील वेळ वाचून मनगटी घड्याळ त्याप्रमाणे लावावे. आमच्या घरी हे काम सासऱ्यांच्या चावीच्या एचएमटीकडे आहे, कारण ते स्वतःहून वेळ बदलत नाही.