सड्यावरचे इवले जीव व्हिडिओत टिपताना या चुका टाळा

चवथीच्या सुमारास गोव्यातले जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी कातळ पठारं, सीतेची आसवं या इवल्या फुलांनी निळे होतात. त्यांच्यातच दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीची तांबूस रोपं असतात, चिकट केसांवर एखादं चिलट अडकवून बसलेली. हे बघून कुणीही खाली वाकून कॅमेरा लावणारच. घरी आल्यावर मात्र व्हिडिओत पुसट, डुलणारे ठिपके दिसतात.

बहुतेक वेळा दोष ऑटोफोकसचा असतो. एकास एक प्रमाणात, म्हणजे चिलट सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराचं उमटतं तेव्हा, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला एफ/८ वर (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान) जेमतेम १ मिलिमीटर खोलीच स्पष्ट दिसते. तेवढ्याशा खोलीत ऑटोफोकस मागेपुढे चाचपडतो आणि ती चाचपड चित्रित होते. मॅन्युअल फोकस ठेवा, रिंग एकदा लावली की हात लावू नका, आणि कॅमेराच रेलवर (कॅमेरा सरकवायच्या पट्टीवर) केसभर पुढेमागे सरकवा. रिंग फिरवली तर चित्राचा आकारही बदलतो.

खोली वाढवायला एफ/२२ लावणं ही त्यावरची दुसरी चूक. इतक्या जवळून बहुतेक लेन्सवर ते जवळपास एफ/४४ सारखं वागतं. उजेड जातो आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच मऊ पडतं. फोटोत चालणारं फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडणं) हलत्या जिवाच्या व्हिडिओत कामाचं नाही. मी एफ/८ ते एफ/११ च्या पुढे जात नाही. त्यापेक्षा कॅमेरा किड्याच्या अंगाला समांतर धरा, म्हणजे तो १ मिलिमीटर पुरतो.

वारा सुटण्याआधी, सकाळी लवकर जा. शेजारी काडी रोवून कपड्यांच्या चिमट्याने देठ हलकेच धरला तरी पुष्कळ फरक पडतो. हुमल्यांच्या, म्हणजे पानं जोडून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या, घरट्याला मात्र चिमटा लावू नका, ते लगेच अंगावर येतात.

मोबाईल असेल तर आपोआप लेन्स बदलणं बंद करा, नाहीतर चित्र मध्येच उडी मारतं. घरात दिव्याखाली चित्रण करताना शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे, दुसऱ्या वेगाला पट्टे लुकलुकतात. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या. दमट हवेत काच लगेच धुरकटते.

एका सकाळी माझं चित्रण अगदी मनासारखं झालं. उठलो तर गुडघ्याखाली दवबिंदूची रोपं चिरडलेली होती. तेव्हापासून आधी गुडघा टेकायला उघडा कातळ शोधतो, मग रोप.