ओठाच्या शस्त्रक्रियेनंतर दत्तक बाळाची काळजी

दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया एरवी तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते. दत्तक बाळाची बऱ्याचदा उशिरा होते, आणि तेव्हा ते तुम्हाला नुकतंच ओळखू लागलेलं असतं. म्हणून भरवणं, उचलणं, झोपवणं एकाच-दोघांनी करा. भेटायला येणारे नंतर येतील.

दूध बोंडल्याने, बाळाला बसतं धरून, थोडं थोडं पाजा. बोंडल्याची चोच टाक्यांना लागू नये. बाटली किंवा अंगावरचं दूध चालेल का, हे सर्जनला विचारा. दुधानंतर चमचाभर उकळून गार केलेलं पाणी द्या. दूध टाक्यांवर वाळलं की खपली धरते, ती ओढली गेली की जखम उसवते. टाके पुसताना ओली कापसाची काडी घासू नका, गोल फिरवत न्या. मग दिलेलं मलम पातळ लावा. हळद, तूप अजिबात नको.

हात तोंडाकडे जाऊ नयेत म्हणून कोपराला पट्ट्या बांधतात. एका वेळी एकच सोडा, त्वचा बघा, हात हलवू द्या. हात बांधल्याने बाळ घाबरतं. त्या वेळी जवळ घ्या, बोलत राहा. कपडे समोरून उघडणारे घाला.

साधारण महिन्याभराने व्रण लाल, कडक होतो, ओठ वर ओढल्यासारखा दिसतो. शस्त्रक्रिया फसलेली नसते. वर्षभरात तो मऊ पडतो. मालीश सर्जनने सांगितल्यावरच.

रक्त थांबत नसेल, टाके उसवले, 101 फॅरनहाइटवर ताप असेल किंवा 6 तास लघवी झाली नसेल, तर लगेच दवाखाना गाठा.