संवाद लिहिताना स्वल्पविराम, पूर्णविराम आणि अवतरणचिन्हं कुठे द्यायची

मराठी संवादात कुठलं चिन्ह कुठे पडणार, हे ‘म्हणाली’, ‘विचारलं’, ‘ओरडला’ हे क्रियापद वाक्यात कुठे बसलं आहे त्यावर ठरतं. ते बोलण्याच्या आधी येतं, नंतर येतं, मध्ये घुसतं किंवा ‘असं’चा हात धरून येतं. प्रत्येक जागेचा हिशेब वेगळा. आजची विरामचिन्हं मराठीत एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या धर्तीवर आली आणि ती रूढ करण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. चिन्हं आली, पण वाक्याचा क्रम मराठीच राहिला. त्यामुळे इंग्रजी कादंबरीत पाहिलेली मांडणी जशीच्या तशी उचलली की काही ठिकाणी जमतं आणि काही ठिकाणी हमखास फसतं.

बोलणारा आधी

ही मराठीची सर्वांत नैसर्गिक रचना आहे.

वंदना म्हणाली, “मी उद्या येते.”

क्रियापदानंतर स्वल्पविराम, मग एक मोकळी जागा, मग उघडणारं दुहेरी अवतरणचिन्ह. चिन्ह आणि पहिलं अक्षर यांच्यात जागा सोडायची नाही. वाक्य संपल्यावर पूर्णविराम आत आणि त्याला चिकटून बंद करणारं चिन्ह. बाहेर आणखी एक पूर्णविराम द्यायचा नाही. “तू येतोस का?”. असा शेपटीला टिंब लावलेला मजकूर बराच दिसतो. तो चूक आहे, कारण प्रश्नचिन्हाने वाक्य आधीच संपलेलं असतं.

बोलणं आधी

“मी उद्या येते,” वंदना म्हणाली.

इथे बोलण्याचा पूर्णविराम जातो आणि त्याच्या जागी, चिन्हाच्या आत, स्वल्पविराम येतो. वाक्य अजून चालू आहे, ते ‘म्हणाली’पाशी संपणार आहे, असं तो सांगतो. प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह असेल तर ते तसंच राहतं आणि स्वल्पविराम लागत नाही.

“तू येतोस का?” तिने विचारलं.

छापील मराठीत “मी उद्या येते.” वंदना म्हणाली. असंही सापडतं. वाचकाला अर्थ कळतो, पण ‘वंदना म्हणाली’ हे एक अपुरं, लोंबकळणारं वाक्य उरतं. स्वल्पविरामाची पद्धत अधिक चोख आहे. कोणतीही धरा, मात्र एका लेखनात एकच.

या रचनेत सर्वाधिक गफलत होते ती क्रियापद बोलण्याचं नसताना. म्हणणं, विचारणं, सांगणं, ओरडणं, पुटपुटणं, कुजबुजणं, बजावणं, खेकसणं ही बोलण्याची क्रियापदं. पिशवी उचलणं, मान वळवणं, दार लावणं ही नव्हेत.

चूक: “मी निघते,” तिने पिशवी उचलली.
बरोबर: “मी निघते.” तिने पिशवी उचलली.

कृती हे स्वतंत्र वाक्य आहे, म्हणून बोलणं पूर्णविरामाने संपवायचं. बोलणारी तीच आहे हे वाचकाला एका परिच्छेदात असल्यामुळे आपोआप कळतं, आणि ‘म्हणाली’ लिहावं लागत नाही. ‘हसली’ हे क्रियापद मधलं. “असू दे,” ती हसली. असं लिहिणारे पुष्कळ आहेत, पण वाक्य हसता येत नाही. ‘ती हसत म्हणाली’ करा, नाहीतर पूर्णविराम द्या.

मध्येच तोडलेलं बोलणं

“मी उद्या येते,” वंदना म्हणाली, “पण जेवायला थांबणार नाही.”
“मी उद्या येते,” वंदना म्हणाली. “जेवायला माझी वाट पाहू नका.”

पहिल्यात एकच वाक्य दुभंगलं आहे, म्हणून ‘म्हणाली’नंतर स्वल्पविराम. दुसऱ्यात दोन वाक्यं आहेत, म्हणून पूर्णविराम. इंग्रजीत हा फरक मोठ्या लिपीतल्या अक्षरावरूनही ओळखता येतो: नवं वाक्य मोठ्या अक्षराने सुरू होतं, दुभंगलेल्या वाक्याचा उरलेला भाग लहान अक्षराने. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत. सगळा भार त्या एका चिन्हावर येतो, म्हणून मराठीत इथे हलगर्जी केली तर वाचक दुसऱ्या भागापर्यंत जाऊन परत फिरतो. सोपी कसोटी अशी: मधलं ‘वंदना म्हणाली’ काढून टाका आणि दोन्ही तुकडे सलग वाचा. जोडताना स्वल्पविराम लागला किंवा काहीच लागलं नाही, तर ‘म्हणाली’नंतर स्वल्पविराम. पूर्णविराम लागला, तर पूर्णविराम.

तोडायची जागाही कानाने निवडावी. “मी उद्या,” वंदना म्हणाली, “येते.” हे नियमात बसतं, पण असं कुणी बोलत नाही.

‘असं’ आणि ‘म्हणून’

ही खास मराठी रचना. इंग्रजीचा नियम इथे लागूच पडत नाही.

वंदना “मी उद्या येते” असं म्हणून निघून गेली.

उच्चारलेले शब्द इथे मोठ्या वाक्याच्या पोटात आहेत. आत पूर्णविराम नको, स्वल्पविरामही नको. ‘असं’ हा शब्दच आधीच्या शब्दांकडे बोट दाखवतो, त्याला आणखी टेकू लागत नाही. काही जण “मी उद्या येते”, असं लिहितात, म्हणजे स्वल्पविराम बंद चिन्हाच्या बाहेर. बोलणं फार लांबलचक असेल तर त्याने श्वास घ्यायला जागा मिळते, एरवी तो गाळावा. प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह मात्र ठेवायचं, कारण ते गाळलं तर बोलण्याचा सूरच हरवतो.

“कोण आहे?” असं विचारत तो दाराकडे गेला.

‘की’ आल्यावर

इथे मराठी आणि इंग्रजी सर्वांत दूर जातात. इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगताना सर्वनाम आणि काळ बदलतात, त्यामुळे कोण कुणाबद्दल बोलतंय ते व्याकरणच सांगतं. मराठीत ‘की’ लावूनही मूळचं ‘मी’ बहुधा तसंच राहतं.

सुनील म्हणाला की मी चुकलो.

चुकलं कोण? सुनील, की हे सांगणारा? बोलताना आवाजावरून कळतं, कागदावर कळत नाही. कथा प्रथमपुरुषी असेल तर अशी वाक्यं वाचकाला वारंवार अडवतात. सुनील चुकला असेल तर ‘की’ काढून अवतरण द्या: सुनील म्हणाला, “मी चुकलो.” सांगणारा चुकला असेल तर सुनीलच्या तोंडचे खरे शब्द लिहा: सुनील मला म्हणाला, “तू चुकलास.”

‘की’ आणि अवतरणचिन्हं एकत्र आणू नयेत. सुनील म्हणाला की “मी चुकलो” यात दोन्ही एकच काम करतात. अवतरण नको असेल तर ‘की’ ठेवा आणि चिन्हं काढा. ‘की’च्या आधी स्वल्पविराम द्यावा की नाही, यात जुन्या-नव्या दोन्ही चाली आहेत. छोट्या वाक्यात तो नसला तर काही बिघडत नाही.

अवतरणाच्या आतले स्वल्पविराम

बाहेरची चिन्हं जपणारे लोक आतली विसरतात. हाक मारली की तिच्यानंतर स्वल्पविराम हवा: “ताई, ऐक ना.” हाक मध्ये आली तर दोन्ही बाजूंना: “तू, बाबा, आता विश्रांती घे.” ‘हो’, ‘नाही’, ‘अगं’, ‘बरं’ यांच्यानंतरही. “काम अडलं का?” या प्रश्नाला “नाही, जमलं.” आणि “नाही जमलं.” ही दोन उत्तरं एकमेकांच्या नेमकी उलट आहेत.

एकाच अवतरणात दुसरं

बाहेर दुहेरी, आत एकेरी. काही प्रकाशक उलट करतात, तेही चालतं, फक्त मध्येच अदलाबदल नको.

“तो मला म्हणाला, ‘उद्या ये.’”

पूर्णविराम एकच, सर्वांत आत, मग एकेरी बंद, मग दुहेरी बंद. प्रश्नचिन्ह कुठे, हे प्रश्न कुणाचा आहे त्यावर. बाबांनी विचारलं, “जाऊ?” यात प्रश्न बाबांचा, म्हणून आत. बाबा खरंच “जा” म्हणाले? यात प्रश्न सांगणाऱ्याचा, म्हणून बाहेर.

सुटा शब्द दाखवायला एकेरी चिन्हं असतात, आणि तिथे स्वल्पविराम बाहेर: त्याला ‘हो’, ‘नाही’ एवढंच येतं. अमेरिकी इंग्रजीत स्वल्पविराम आणि पूर्णविराम अशा वेळीही आत घेतात, ब्रिटिश पद्धतीत अर्थ पाहून ठरवतात. मराठीला अर्थ पाहणंच मानवतं.

अडखळणं आणि तुटणं

आवाज विरत गेला तर तीन टिंबं: “मला वाटलं…” तो पुटपुटला. कुणी मध्येच तोडलं तर लांब रेघ: “पण मी तर—” दोन्हींनंतर स्वल्पविराम लागत नाही. टिंबं तीनच. सहा-सात टिंबांनी दुःख वाढत नाही, आणि प्रत्येक वाक्य टिंबांनी संपलं की सगळी पात्रं दमेकरी वाटू लागतात.

परिच्छेद

बोलणारा बदलला की नवा परिच्छेद. त्याची कृती त्याच्याच परिच्छेदात, समोरच्याच्या नव्हे. एकाच माणसाचं बोलणं दोन-तीन परिच्छेद चाललं, तर प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला उघडणारं चिन्ह द्यायचं आणि बंद करणारं फक्त शेवटच्या परिच्छेदाच्या शेवटी. मधल्या एखाद्या परिच्छेदाला ते लावलं की पुढचा परिच्छेद दुसऱ्या कुणाचा वाटतो.

निवेदन प्रमाण भाषेत ‘विचारले’, ‘सांगितले’ असं असलं तरी पात्राच्या तोंडी ‘विचारलं’, ‘सांगितलं’ चालतं. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत याची मुभा आहे. अवतरणचिन्ह ही त्या दोन भाषांमधली हद्द आहे, ती ओलांडून अनुस्वार निवेदनात सांडू देऊ नका.

नाटकाची संहिता

इथे अवतरणचिन्हं नसतात. पात्राचं नाव, अपूर्णविराम, मग वाक्य, सूचना कंसात.

गोविंद : (दाराकडे पाहत) कोण आलं?

अपूर्णविरामाआधी मुद्दाम जागा सोडलेली आहे. ती नसली तर तो विसर्गासारखा दिसतो. त्याहून वाईट म्हणजे देवनागरी कळफलकावर घाईत खरोखर विसर्गच टंकला जातो. डोळ्याला फरक जाणवत नाही, पण संगणकाच्या लेखी विसर्ग नावाचाच भाग होतो, मग ‘गोविंद’ हा पूर्ण शब्द शोधायला गेलात तर तो सापडत नाही.

टंकताना

उभी, सरळ चिन्हं आणि वळणदार चिन्हं एकाच मजकुरात मिसळू नका. विंडोजवर आल्ट कळ दाबून धरून अंकपट्टीवर ०१४७ टंकलं की उघडणारं दुहेरी चिन्ह येतं, ०१४८ ने बंद होणारं, ०१४५ आणि ०१४६ ने एकेरीची जोडी, ०१३३ ने तीन टिंबं, ०१५१ ने लांब रेघ. फोनवर अवतरणचिन्हाची कळ दाबून धरली की बहुतेक कळफलक पर्याय दाखवतात. चिन्हांचं वळण आपोआप ठरवणारी सोय लांब रेघेनंतर अनेकदा चुकते आणि बंद चिन्हाऐवजी उघडं चिन्ह टाकते. तुटलेल्या प्रत्येक वाक्याचा शेवट म्हणून हाताने तपासावा. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरातही आधी ही चिन्हंच पाहावीत.

शेवटच्या तपासणीला गोष्ट वाचू नका, वाचायला लागलात की चिन्हं दिसेनाशी होतात. ‘शोधा’ वापरून बंद होणाऱ्या दुहेरी चिन्हांवर एकेक करत थांबा आणि त्याच्या लगेच आधी काय आहे एवढंच पाहा. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, तीन टिंबं किंवा लांब रेघ असायला हवी. आत दुसरं अवतरण असेल तर बंद झालेलं एकेरी चिन्ह. यांपैकी काहीच नसेल तर ते शब्द मोठ्या वाक्याच्या पोटात असायला हवेत, पुढे ‘असं’, ‘म्हणून’, ‘म्हणत’ किंवा त्या वाक्याचं क्रियापद हवं. तेही नसेल तर चिन्ह राहिलं आहे. स्वल्पविराम असेल तर पुढच्या दोन-चार शब्दांत बोलण्याचं क्रियापद शोधा. सापडलं नाही, तर तिथे पूर्णविराम हवा होता.