निवडणुकीत पडलात? आता या चुका टाळा

नगरपरिषदांचे निकाल 21 डिसेंबर 2025 ला लागले. आमच्या खाडीकाठच्या शहरातही गुलाल उडाला आणि दुसऱ्या दिवसापासून पडलेल्यांचे फोन लागेनासे झाले. मला नवल वाटलं नाही. 2016 ला मी 43 मतांनी पडलो, तेव्हा पंधरा दिवस मासळीबाजारात बायकोलाच पाठवत होतो. त्यानंतरची पाच वर्षं मी काय काय चुकलो, ते सांगतो.

खर्चाचा हिशेब न देणं

"पडलो, आता कसला हिशेब?" असं म्हणू नका. निकालानंतर 30 दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, पडलेल्यालाही. नाही दिला तर अपात्र ठरवलं जातं आणि पुढच्या खेपेला अर्जच उडतो. निकालालाच आव्हान द्यायचं असेल तर मुदत फार थोडी असते. वकील त्याच आठवड्यात गाठा.

प्रचाराची वही माळ्यावर टाकणं

ही माझी सगळ्यात मोठी चूक. महिनाभर दारोदार फिरताना दोनशे पानी वही भरली होती: कुठल्या पाखाडीचा, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेचा, चिरा निखळलाय, कोणाच्या नळाला चार दिवसांआड पाणी येतं, कुठली रस्त्याखालची मोरी तुंबून पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी घरात शिरतं. निवडून आलेल्याकडेही एवढी माहिती नसेल. आणि ती वही मी माळ्यावर फेकली. फेब्रुवारीत वरच्या वाडीतल्या काकीने रस्त्यातच गाठलं: "मता मागूक तीनदा इलंस. आता नळाक पाणी नाय, तेवा खय रवलंस?" संध्याकाळी वही खाली काढली.

त्या वहीची पत्रं करा. एका पत्रात एकच विषय, पत्र मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आणि सोबत दुसरी प्रत. आवक-जावकच्या टेबलावर त्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. "ठेवून जा, साहेब आले की देतो" हे ऐकून मी दोनदा परत आलो. दोन्ही पत्रं कुठे गेली, देव जाणे. पऱ्या आणि मोरीची पत्रं मार्च-एप्रिललाच द्या. मृग लागल्यावर दिलेलं पत्र म्हणजे नुसतं कागदावरचं रडगाणं.

व्हॉट्सअॅपवरच विरोधी पक्ष चालवणं

खड्ड्याचा फोटो टाकला, चाळीस अंगठे आले, खड्डा तिथेच. डिसेंबर 2021 पासून चारेक वर्षं इथल्या नगरपरिषदांवर प्रशासक होते. म्हणजे जिंकलेले, पडलेले सगळेच बिनखुर्चीचे. त्याच महिन्यात चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले. 22 जुलै 2021 च्या पुरात शहर बुडालं होतं आणि मागणी होती वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढण्याची. खुर्ची नसतानाच तो विषय त्यांनी लावून धरला आणि पुढे गाळ उपसणं सुरू झालं.

निवडून आलेल्याशी अबोला

खेड्यात ग्रामसभा असते, तिथे कोणीही मतदार उठून बोलतो. नगरपरिषदेत तसं नाही. सभा ऐकायला बसता येतं, बोलता येत नाही. वॉर्डातले प्रश्न जिथे मांडता येतात त्या प्रभाग समित्यांची सक्ती तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांना आहे. आपल्या शहरांची लोकसंख्या तेवढी कुठली! म्हणजे सभागृहात तुमचं तोंड कोण? ज्याने तुम्हाला पाडलं तोच.

दीड वर्षाने मी पाखाडीचे फोटो घेऊन त्याच्या घरी गेलो. चहा झाला, काम झालं, आणि पाखाडीच्या तोंडाशी त्याच्या नावाचा फलक लागला. झोंबलं, खोटं कशाला बोलू! पण काकी आता काठी न टेकता खाली उतरते.

माहितीचा अधिकार सूड म्हणून वापरणं

"गेल्या दहा वर्षांतील सर्व बिलांच्या प्रती द्या" असा अर्ज कोणीतरी करतंच. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत हवा, त्यामुळे असले अर्ज अडकतात. एकच काम धरा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. त्याआधी फाइल डोळ्यांनी बघा. 2018 च्या शासन परिपत्रकाने सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत अभिलेख पाहण्याची सोय केली होती. बिलापेक्षा मोजमाप पुस्तिका मागा. कामाची लांबी, रुंदी, खोली, सगळं त्यात लिहिलेलं असतं.

आणि मुदती कॅलेंडरवर लिहून ठेवा. अर्थसंकल्पाची सभा फेब्रुवारीच्या आसपास असते, तेव्हा कामाची मागणी डिसेंबरातच द्या. प्रारूप विकास आराखडा किंवा घरपट्टीची नवी आकारणी प्रसिद्ध झाली की हरकतींचे दिवस मोजकेच असतात, आणि चाकरमानी शेजाऱ्याला ते मुंबईत कळतसुद्धा नाही. त्याला फोन तुम्ही करा.

त्या मोरीचं सांगायचं राहिलं. मोजमाप पुस्तिकेत पाइप 600 मिलीमीटरचा होता. एका सोमवारी फाइल बघून तसाच टेप घेऊन पऱ्यात उतरलो. पाइप भरला 450. मी नक्कल काढली, शेजारी टेप लावलेला फोटो जोडला आणि ज्याने मला 43 मतांनी पाडलं त्याच्या हातात ठेवला. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी मागच्या बाकावर होतो. तो उठला आणि टेपचा फोटो त्याने वर धरला.